मागे वळायचं नाही

तुळशीबागेत श्यामसुंदररावांनी आयुष्यभर एकच विद्या वापरली. आपला भाव सांगायचा, पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. दुकानदार झक मारत हाक मारतो. नीरजाताईंना सक्त ताकीद असे, "मागे वळायचं नाही. वळलीस की भाव गेला!"

इस्तंबूलच्या त्या अवाढव्य जुन्या बाजारात नीरजाताईंचा जीव एका निळ्या काचेच्या दिव्यावर जडला. असा दिवा आणायचाच म्हणून सदाशिव पेठेतल्या घराच्या गॅलरीत त्यांनी निघण्याआधीच हूक बसवून घेतला होता. श्यामसुंदररावांनी निम्मा भाव सांगितला. दुकानदार हसला आणि काही न बोलता खाली वाकला. हा अपमान समजून श्यामसुंदरराव तडक निघाले, नीरजाताई मुकाट्याने मागोमाग. हाक काही आली नाही, आणि आपण होऊन परत जायचं म्हणजे नाक कापून घेणं. शेवटी नातेवाइकांसाठी फ्रिजवर चिकटवायची मूठभर चित्रं घेऊन ते बसमध्ये बसले.

परवा गॅलरीत चहा पिताना रिकाम्या हुकाकडे बघत ते म्हणाले, "आडमुठा लेकाचा! एक हाक मारली असती तर घेतला असता दिवा."

"तो कागद काढायला वाकला होता," नीरजाताई म्हणाल्या. "मी वळून पाहिलं ना. दिवा गुंडाळून हातात घेऊन तो गर्दीत आपल्याला शोधत होता."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"वळायचं नव्हतं ना?"

कप उचलून त्या आत निघाल्या. श्यामसुंदररावांनी हाक मारली. त्या वळल्या नाहीत.