उलटं बसवलेलं सील

मार्गशीर्षातल्या सोनसकाळी ते पत्र आलं होतं. पुन्हा मार्गशीर्ष आला, आणि उत्तर गेलं नव्हतं.

आजऱ्याच्या माळावर धुकं विरत होतं. उसाच्या तुऱ्यांवर रुपेरी झळाळी चढली होती. त्या तेजोमय, निष्कलंक सकाळी डागाळलेल्या गोष्टी दोनच: त्र्यंबक मास्तरांची राखाडी मोटार, आणि त्र्यंबक मास्तर.

मोटारीच्या पोटाखालून गिअरचं तेल ठिबकत होतं. थेंब, थेंब, थेंब. काळं, चिकट, निर्लज्ज तेल. वर्षभर.

धाकट्या बहिणीने, मालूने, सावंतवाडीहून लिहिलं होतं, ‘दादा, नजर विझत चाललीय. मला आता घाट चढवत नाही. तुझं तोंड दिसतंय तोवर एकदा उतर.’ मास्तरांनी सात मसुदे केले, अलंकृत, अश्रुस्निग्ध, सातही फाडले. मग स्वतःला एक कारण दिलं: गळक्या गाडीने आंबोलीचा घाट कसा उतरणार? एसटीचं नाव त्यांनी स्वतःशीसुद्धा काढलं नाही.

आज, एकदाची, गाडी हौसाक्काच्या दारात होती. नवऱ्यामागे गॅरेज पेलणारी हौसाक्का. ग्रीसलिप्त हातांची, पानरंगल्या ओठांची. तिने तेल काढलं, चाक उतरवलं, चाकाकडे जाणारा पोलादी दांडा ओढून बाजूला ठेवला. तो निघाला त्या भोकातून बांगडीएवढी काळी रबरी कडी उचकटली, आणि उन्हात धरली.

"मास्तर, ह्ये सील कुणी बसवलं?"

मास्तर चपलेचा अंगठा न्याहाळू लागले. "मीच. पुस्तकात वाचून."

"पुस्तक तरी सरळ धरलं हुतं न्हवं?" ती खदखदली. "उलटं हाय की! स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडं पायजे. तुम्ही ती भाईर दावलीया. आन् कळलं न्हाई तुमास्नी?"

"कळलं. दुसऱ्याच दिवशी."

हौसाक्काचं हसू थांबलं. "मग वरीसभर नुसतं तेल वतत बसला? तोंड शिवलं हुतं?"

शिवलेलंच होतं. चूक झाली, एवढे दोन शब्द उच्चारण्यापेक्षा रोज सकाळी ओणवं होऊन तेल ओतणं त्या शब्दपंडिताला सोपं वाटलं होतं. ग्रंथमंडित कपाटांचा धनी, आणि धाडस कडीएवढंही नाही. कुंपणावरचा कावळा मान तिरपी करून बघत होता. मास्तरांना त्याचंही बरोबर वाटलं.

तिने खाच पुसली. नव्या सीलच्या ओठाला तेलाचं बोट लावलं, वर लाकडी ठोकळा धरला, आणि हलके हलके, चहूबाजूंनी सारखं ठोकलं. टुक. टुक. टुक. दांडा आत सरकला, जणू कधी निघालाच नव्हता. मधुवर्णी तेल आत उतरलं.

तिठ्यापर्यंत फेरी झाली. गाडीखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं. चहा झाला, ऊन सरकलं. कागद कोरडा.

"एवढंच होतं?" मास्तर पुटपुटले.

"एवढंच. सकाळचं काम." तिने पानाची पिंक टाकली. "जावा आता, कुठं जायाचं त्ये."

पोस्टाच्या बाकावर त्यांनी अंतर्देशीय पत्र उघडलं. आठवा मसुदा. त्यात ना उपमा, ना अश्रू.

‘मालू, पुढल्या मंगळवारी येतो. उशीर माझाच. दारात उभी राहा. दादा.’

लाल पेटीच्या फटीत हात घातला, आणि बोटं सोडली. आत, अंधारात, पत्र पडलं. टप्.

वर्षभराच्या गळतीतला एकच थेंब, पडायचा तिथे पडलेला.