मावशी खोक्यात जायला तयार नाही

मोझेसीच्या पदरात काय काय पडणार होतं ते आधी सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल. नवी बर्फगाडी. टोरोंटोच्या गॅलरीच्या दारावर त्याच्या एकट्याचं नाव. जाण्यायेण्याचं विमान, हॉटेल, आणि तिथल्या लोकांचं बोलणं त्याला समजावं म्हणून सोबत मी. मी नूवालिया, गावच्या सहकारी संस्थेत कोरीवकाम विकत घेणारी कारकून आणि मोझेसीची मावसबहीण. माझ्या पदरात विमानातली खिडकीजवळची जागा आणि टाचांचे बूट. बूट मी आधीच मागवून ठेवले होते. उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या गावात असे बूट घालून माणूस घराच्या पायरीपर्यंत जाऊ शकतो. पुढे बर्फ.

बदल्यात मोझेसीने करायचं एवढंच होतं की गुरुवारच्या विमानाआधी एक दगडाची बाई खोक्यात घालायची.

गुरुवारी सकाळी मी त्याच्या घरी पोहोचले तर खोकं रिकामं. बाई टेबलावर तशीच बसलेली, आणि हा रविवार असल्यासारखा चहा पितोय.

"हे काय? अजून भरली नाहीस?"

"आई नको म्हणते," मोझेसी म्हणाला.

आई सोफ्यावर बसून कार्टून बघत होती. तिचं नाव उलायू, वय सात, पुढचे दोन दात पडलेले, मांडीवर चिप्सची पिशवी. खरं तर ती मोझेसीची नात. पण तिला त्याच्या आईचं नाव दिलंय, आणि आमच्याकडे नाव दिलं की माणूस परत येतं, त्याची सगळी नाती घेऊन येतं. म्हणून मोझेसी तिला आई म्हणतो, ती त्याला बाळा म्हणते, आणि त्याची आई माझ्या आईची बहीण असल्यामुळे ती माझी मावशी लागते. मावशीला दटावता येत नाही. तिला न्याहारीला चिप्स हवे असतील तर न्याहारीला चिप्स. गेल्या हिवाळ्यात तिने शाळेत जायचं नाकारलं, तेव्हा साठी उलटलेला हा माणूस शिक्षकांना म्हणाला होता, "मी आईला कसं सांगू? तुम्ही सांगता का तुमच्या आईला?"

त्याची बायको लिटिया कोपऱ्यात हातमोजे शिवत होती. ती म्हणाली, "तुमचं बरंय. माझी तर सासू आहे ती. काल म्हणते, चहा पातळ झालाय."

"झालाच होता," उलायू टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली.

मोझेसी तीस वर्षं अस्वलं कोरतोय. शनिवारी शिकारीला पेट्रोल हवं असलं की शुक्रवारी माझ्या टेबलावर अस्वल. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, की बाबा रे, तुझे हात चांगले आहेत, काहीतरी मोठं कर. शेवटी गेल्या उन्हाळ्यात त्याने खाडीपलीकडून होडीत घालून एक काळाहिरवा दगड आणला आणि घरामागच्या शेडमध्ये ग्राइंडर घेऊन बसला. महिनोन् महिने दगडाच्या धुळीने भुवया पांढऱ्या. त्यातून ही बाई निघाली. गुडघ्यांवर बसून सीलचं कातडं खरवडणारी, हातात अर्धगोल सुरी, आणि मागून कुणी हाक मारल्यासारखी मान वळवलेली. दगडावर बोट फिरवून चूक काढायचा मला पगार मिळतो. मी बोट फिरवलं. कातडं ओलं लागलं, खरंच. फक्त चेहरा निम्माच होता, उरलेला दगडात.

"चेहरा पुरा का नाही केलास?"

"तेवढाच आठवतो," तो म्हणाला होता.

मी फोटो पाठवले. गॅलरीवाली मॅरियन फोनवर रडली. इथवर सगळं छान. मग या शहाण्याने मूर्ती उलायूपुढे ठेवून तिला सांगितलं, "बघ आई, ही तू." झालं! अस्वलांना कुणी आई म्हणत नाही, म्हणून अस्वलं मुकाट्याने विमानात बसतात.

मी सोफ्यावर टेकले आणि जमेल तेवढा आवाज गोड केला. "मावशी, तू इथंच राहणार आहेस गं. जाणार तो नुसता दगड."

"पण बाळ म्हणाला, ती मीच."

"तो काहीपण बोलतो."

"आईपुढे मी काहीपण बोलत नाही," टेबलावरून आवाज आला.

"तू गप्प बस रे!" मी खेकसले.

"माझ्या बाळावर ओरडू नकोस," मावशी म्हणाली.

लिटिया हातमोजे तोंडावर धरून हसली. मी मनात तिन्ही पिढ्यांचा उद्धार केला, नंतर लक्षात आलं की त्यात मीही येते.

आता सौदाच करायचा राहिला. "मावशी, कोकचा एक अख्खा बॉक्स देते."

"दोन."

"बरं, दोन."

"आणि स्केट्स. गुलाबी. घासलेले नकोत, नवे."

"नवे देते. मग भरायची ना तिला खोक्यात?"

तिने एक चिप्स तोंडात टाकला, चावून गिळला आणि म्हणाली, "भर."

मी ताडकन उठले. बाहेर विमानाचा आवाज ऐकू यायला लागला होता. मी खोक्यात स्पंज अंथरला, मोझेसीला म्हटलं, "उचल, एक बाजू धर." तो उठला. नाही म्हणाला नाही. त्याला ती बर्फगाडी हवी होती, हे मी शपथेवर सांगते.

तेवढ्यात उलायूने विचारलं, "मग मी परत कधी येणार?"

पुढच्या उन्हाळ्यात. शब्द अगदी जिभेवर होते. गिऱ्हाइकांना मी याहून मोठ्या थापा मारल्यात.

मोझेसी चार वर्षांचा असताना दवाखान्याचं जहाज आलं होतं. छातीचे फोटो काढले, आणि उलायूमावशीला क्षय निघाला म्हणून खाली उतरूच दिलं नाही. किनाऱ्यावरच्या पोराला नर्सने सांगितलं आणि दुभाष्याने आमच्या भाषेत आणून दिलं, की आई पुढच्या उन्हाळ्यात येईल. माझ्या आईने त्याला आमच्यातच वाढवलं. दर उन्हाळ्यात जहाज आलं की तो जेवण टाकून धावायचा. पुढे जहाज यायचं बंद झालं, तो बाप झाला, आजा झाला, पण तिचं नाव कुणा पोराला देऊ देईना. गेलेल्या माणसाचं नाव देतात, म्हणायचा, ती कुठं गेलीय? मग सात वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या एका दफनभूमीत तिची कबर सापडली. वर नुसता आकडा, नाव दवाखान्याच्या वहीत. त्याच हिवाळ्यात नात जन्मली.

मूर्तीच्या एका बाजूला हात घालून मोझेसी वाकलेला होता. तो माझ्याकडे बघत होता, पण बहिणीकडे बघतात तसं नव्हे. दुभाष्या आता काय म्हणतोय याची वाट बघतात, तसं.

"सांग ना," उलायू म्हणाली.

"नाही येणार, मावशी. विकलेलं परत येत नाही."

"मग मी नाही जात," ती म्हणाली, आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

मोझेसीने मूर्ती सोडली आणि कमरेला हात लावून हळूच सरळ झाला. "चहा घेशील?" त्याने मला विचारलं.

मी मॅरियनला फोन लावला. म्हटलं, पाठवता येत नाही, घरच्यांची परवानगी नाही. ती म्हणाली, कुणाशी बोलू मी? मी म्हटलं, आईशी, पण ती कार्टून बघतेय. मग तिने दबक्या आवाजात विचारलं, एखादं अस्वल आहे का?

आता मूर्ती खिडकीत असते, धावपट्टीकडे तोंड करून. उलायू खेळून आली की ओले हातमोजे तिच्या डोक्यावर वाळत टाकते आणि कुणी काही म्हणत नाही.

राहता राहिला हिशेब. मोझेसीची बर्फगाडी गेली. जुनीची सीट तो टेपने चिकटवतो आणि मी दिसले की जास्त आवाज करत चिकटवतो. मॅरियनच्या दारावरचं नाव गेलं. माझी खिडकीजवळची जागा गेली, बूट खोक्यात पडून आहेत, त्याच खोक्यात. स्केट्स आणि दोन बॉक्स कोक माझ्या पगारातून गेले. सौदा मोडला तरी मावशीला दिलेला शब्द मोडता येत नाही, आणि मावशी ते विसरत नाही. सगळ्यांनी काही ना काही भरलं. एकट्या तिनेच काही भरलं नाही. तिने ते मागच्या खेपेला भरलं होतं.