लांब गाडी

शांतवन सरांनी गाडीची मागची सीट आडवी पाडली, तिच्यावर सतरंजी अंथरली आणि कडा दोन्ही बाजूंनी नीट दुमडून घेतल्या. पेटी सरकू नये म्हणून दोन उशा लागत. मांडवातून वाट काढत ते घरात गेले आणि उशा काखेत मारून बाहेर आले, तर गाडीच्या दारात मरियाबाई उभ्या. त्यांचे हात मनगटापर्यंत हळदीने पिवळे झाले होते.

"आज तरी न्हाई म्हना," त्या म्हणाल्या. "परवा पोरीचं लगीन हाय."

"बन्सी गेलाय, मरिया."

"ठाव हाय मला. सकाळी मीच जाऊन आले ना बनुबाईकडं. पन मातीला एखादा टेम्पो मिळंलच की."

"टेम्पोत बन्सी हिंदकळत जायचा का?"

मरियाबाईंनी कोपराने गाडीचं दार अडवल्यासारखं केलं, मग बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "सतरंजी दुसरी घ्या. ही पाहुन्यांना लागंल."

गाडी स्कोडाची, कॉम्बी. पुण्याच्या एका डॉक्टरांकडून सरांनी ती जुनीच घेतली, तेव्हा त्यांची मुलगी प्रार्थना सहावीत होती आणि मुलगा जस्टिन नववीत. पुढून इतर मोटारींसारखी, पण डिकीच्या जागी टप सरळ शेवटापर्यंत गेलेला. रंग पांढरा. तिसगावात अशी गाडी कुणी पाहिली नव्हती. पेठेतल्या हार्डवेअरवाल्या मच्छिंद्रने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सर, मागं खोली काढून घेतली का काय गाडीला?" सर तेव्हा हायस्कुलात विज्ञान शिकवत. स्टाफरूममध्ये ते मोठ्या हौसेने सांगायचे की, युरोपात ही गाडी कोण घेतं, तर ज्याला बायको, पोरं, सामान, कुत्रं असं सगळं बरोबर न्यायचंय आणि तरीही सगळ्यांच्या आधी पोचायचंय, असा माणूस. वरून संसारी, आतून रेसची. ऐकणारे खिडकीतून गाडीकडे बघत, मग सरांकडे बघत आणि चहा पिऊ लागत. ज्या मुलखात माणसाचं वजन गाडीच्या उंचीवरून ठरतं, तिथं लांबीचं कौतुक कुणाला असणार?

गाडीचं नाव खरं बिघडलं ते चर्चच्या जुन्या पाळकसाहेबांच्या मातीला. ऐन वेळी ठरलेला टेम्पो आला नाही, आणि पेटी दुसऱ्या कुठल्या मोटारीत बसेना. सरांच्या गाडीत मात्र ती माप घेतल्यासारखी बसली. त्यानंतर मंडळीत कुणी गेलं की निरोप यायचीही वाट न बघता सर सतरंजी काढू लागले. मागे लोक चालत असायचे, म्हणून गाडी पावलांच्या चालीने न्यायची, दिवे लावून. पेठेतून ती जाऊ लागली की दुकानदार उठून शटर अर्धं खाली ओढत आणि गाडी पुढे गेली की परत वर करत. मच्छिंद्र तर डोक्यावरची टोपी काढून उभा राहायचा.

ही सवय इतकी अंगवळणी पडली, की सर नुसते बाजाराला निघाले तरी कुणी ना कुणी हात जोडायचंच. मग सर खिडकीतून भाजीची पिशवी बाहेर काढून दाखवत. मेथीची जुडी दिसली की लोक हसत आणि आपल्या कामाला लागत. पोराटोरांनी गाडीला स्वर्गरथ नाव ठेवलं होतं. सरांना ते कळलं, तेव्हा ते हसले, पण त्या दिवशी बाजाराला चालतच गेले. आतून रेसची असलेली ती बिचारी गाडी अर्धं आयुष्य पहिल्या गियरमध्ये काढत होती.

सरांना या लग्नात ना मानपान हवा होता, ना आहेर. एकच गोष्ट हवी होती. प्रार्थना सहावीत असताना सगळे भंडारदऱ्याला गेले होते. परतताना ती मागे गादीवर पालथी पडून काचेतून सुटत चाललेला रस्ता बघत होती. अकोले गाव मागे पडल्यावर सरळ रस्ता लागला आणि सरांनी, मरियाबाईंचा डोळा लागलाय असं बघून, गाडी जरा मोकळी सोडली. मागून पोरीचा आवाज आला होता, "पप्पा, माझ्या लग्नाला मी ह्याच गाडीतून जाणार. आणि तुम्ही अशीच पळवायची." त्यांनी कबूल केलं होतं. पोरगी विसरली असेल, असं त्यांनी स्वतःला अनेकदा समजावलं. ते स्वतः काही विसरले नव्हते.

आणि चार दिवसांपूर्वी पुण्याहून आलेल्या जस्टिनने सांगितलं होतं, की त्याने नवरीसाठी फॉर्च्युनर ठरवली आहे. पांढरी, नवी कोरी.

"आपली आहे की," सर म्हणाले होते.

"पप्पा, तुम्हाला वाईट वाटेल, पण नवरीला त्या गाडीतून कसं न्यायचं? गावात गाडीला काय म्हणतात ते प्रार्थनाच्या सासरी, नोहाच्या घरच्यांच्या कानावर गेलं तर?" जस्टिनने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला होता. पोराच्या मनात वाकडं काही नव्हतं, हेच अवघड होतं. "गाडी काढून टाका आता. म्हातारपणी तुम्हाला उंच गाडी बरी पडेल, चढाय-उतरायला."

"बघू," असं सर म्हणाले होते आणि उठून मांडवाचे खांब हलवून बघू लागले होते. खांब घट्टच होते.

बन्सीची माती दुपारी झाली. निशिगंधाचं शेत करणारा, पहाटे फुलं खुडताना गाणी म्हणणारा बन्सी त्या मागच्या जागेत निवांत पडून गेला. पेठेत शटरं अर्धी खाली आली. मच्छिंद्रने टोपी काढली. कबरस्तानाकडे वळताना मोठा खड्डा आहे, तो सरांनी चाक रस्त्याखाली उतरवून टाळला. बाजूला बसलेल्या त्याच्या बायकोने, बनुबाईने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी सतरंजी झटकली, सीट उभी केली आणि गाडी धुवायला घेतली. हळद लागलेली म्हणून प्रार्थनाला उंबऱ्याबाहेर यायची मनाई होती. ती खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली.

"पप्पा, मागची काच राहिली."

"असू दे. उद्या कुठं जायचंय तिला. मी तुझ्या मावश्यांना घेऊन येईन मागून."

"तरी पुसा," ती म्हणाली.

सरांनी काच पुसली. मग उगाचच दुसऱ्यांदा पुसली.

लग्न नगरच्या चर्चमध्ये होतं, म्हणून सकाळीच निघायचं होतं. दारात फॉर्च्युनर येऊन उभी राहिली होती. जस्टिनने तिच्यावर लाल रिबिनी आणि प्लॅस्टिकचे गुलाब लावले होते, आणि शेजारपाजारची माणसं तिच्याभोवती फिरून आरशात भांग बघत होती. सरांनी नवा कोट घातला होता. ते आपल्या गाडीजवळ, जरा आडोशाला उभे होते.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. सुनीलच्या, म्हणजे बन्सीच्या थोरल्याच्या मागून बनुबाई उतरली. तिच्या डोक्यावर पाटी होती, ओल्या फडक्याने झाकलेली. ती फाटकातच थबकली. मरियाबाईंनी तिला पाहिलं, हातातलं ताट खाली ठेवलं आणि जाऊन तिचा दंड धरून आत घेतलं.

"सलाम, बाई," बनुबाई म्हणाली. "मी यायला नगं हुतं. पन त्यांनी शब्द दिल्ता पोरीला, लग्नाला फुलं माझी म्हनून. वाफा राखून ठिवल्ता. त्यो शब्द कुनी पुरा करायचा?"

पाटीत निशिगंधाच्या माळा होत्या, पांढऱ्याशुभ्र, रात्रीच कधीतरी ओवलेल्या, आणि नवरीच्या हातात द्यायला एक जुडी. कुणी काही सांगायच्या आत बनुबाई सरळ लांब गाडीपाशी गेली आणि पहिली माळ तिच्या बॉनेटवर आडवी टाकून दोन्हीकडच्या आरशांना बांधू लागली. फॉर्च्युनरकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

"काकू," जस्टिन हळूच म्हणाला, "गाडी ती नाही. ती समोरची."

बनुबाईने वळून पाहिलं. तिला ते नीटसं समजलं नाही. "बापाची गाडी दारात असताना?" ती म्हणाली. "परवा ह्यांना नेलं सरांनी, पोटातलं पानी हलू दिलं न्हाई. पोरीलाबी तशीच नेतील." मग जस्टिनच्या चेहऱ्याकडे बघून तिचे हात माळेवरच राहिले. "माझं चुकलं का काय?"

"न्हाई चुकलं, काकू," दारातून आवाज आला. प्रार्थना पांढऱ्या गाऊनचा घेर दोन्ही हातांनी उचलून उभी होती. "मी ह्याच गाडीत जानार हाय. पप्पांनी कबूल केलंय."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना कोटाच्या खिशात किल्ली सापडेना. ती त्यांच्या हातातच होती.

जस्टिन आईकडे वळला. मरियाबाईंनी पदर खोचला.

"मी बसते तुझ्या उंच गाडीत," त्या म्हणाल्या. "माझी हौस राहिलीया. चल, शिडी लाव."

मांडवात हशा झाला, जस्टिनही हसला, आणि मग त्यानेच उरलेल्या माळा लांब गाडीच्या टपावर चढवल्या.

प्रार्थना एकटीच मागच्या सीटवर बसली. गाऊनचा मागचा लांब घेर चुरगळू नये म्हणून मावश्यांनी तो सीटच्या पाठीवरून मागच्या मोकळ्या जागेत पसरून दिला. एवढी जागा दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळाली नसती, हे सरांच्या मनात आलं. धूळ येऊ नये म्हणून काचा वर केल्या. अंगणातून निघताना सवयीने त्यांनी दिवे लावले, आणि सवयीनेच गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवली.

पेठेच्या तोंडाशीच त्यांच्या लक्षात आलं. पण तेव्हा उशीर झाला होता.

गावात नवरीची गाडी म्हणजे झेंडू, लाल-पिवळा थाट आणि पुढे वाजंत्री. इथं पांढरी गाडी, पांढरी फुलं, मागच्या काचेत पांढरं कापड, दिवे लागलेले आणि चाल पावलांची. किराणावाल्याने मान वर करून पाहिलं आणि उठून शटर अर्धं खाली ओढलं. मग शिंप्याने ओढलं. मग मोबाईलवाल्याने. पुढची शटरं एकामागून एक खाली येऊ लागली. हातगाडीवाल्याने चिक्कूचं गाणं गाणारा भोंगा बंद केला. मच्छिंद्र दुकानाच्या पायरीवर आला, त्याने टोपी काढली आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "आता कोन गेलं रं?"

सरांचे कान तापले. लग्नाच्या दिवशी, पोटच्या पोरीला, हे असं. जस्टिनचं बरोबर होतं. त्यांना आरशात बघायचा धीर होईना. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना ही गाडी कुणाला तरी देऊन टाकावीशी वाटली.

मागे काच खाली सरकल्याचा आवाज आला. हिरव्या चुड्याने भरलेला हात कोपरापर्यंत बाहेर गेला, आणि हातात मेथीच्या जुडीसारखी वर धरलेली निशिगंधाची जुडी होती.

"मच्छिंद्रकाका, मी हाय," प्रार्थना म्हणाली. "लगीन हाय माझं."

मच्छिंद्र टोपी हातात धरून बघत राहिला. मग त्याचा चेहरा खुलला, त्याने टोपी डोक्यावर घातली, वळला आणि शटर असं वर ढकललं, की त्याचा आवाज पार स्टँडपर्यंत गेला. "अरे, सरांची प्रार्थना हाय!" शिंप्याचं शटर वर गेलं. किराणावाल्याचं गेलं. पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्रे खडखडत वर गेले, आणि कुणीतरी कारण नसताना परत खाली ओढून पुन्हा एकदा वर केलं. एवढी वाजंत्री नगरच्या बँडवाल्यांनाही जमली नसती. प्रार्थना हसत होती, आणि हसता हसता जुडी हलवत होती. सरांना समोरचं अंधूक दिसू लागलं, म्हणून त्यांनी उगाच वायपर चालू केला.

शेवटचं दुकान मागे गेलं. रस्ता मोकळा झाला. करंजी घाटाच्या बाजूला तो सरळ होता, दोन्हीकडे तुरी उभ्या. प्रार्थनाने काच वर केली आणि सीटवर पुढे सरकून वडिलांच्या खांद्यापाशी आली.

"पप्पा, आता."

"फुलं उडतील गं."

"उडू द्या."

सरांनी आरशात पाहिलं. मागच्या जागेत पांढरा घेर पसरला होता, त्याच्या पलीकडे काच होती, स्वच्छ पुसलेली, आणि काचेत फॉर्च्युनर. त्यांनी दिवे मालवले. मग दुसरा गियर टाकला, तिसरा टाकला, आणि पाय खाली दाबला.

थोड्या वेळाने फोन वाजला. प्रार्थनाने घेतला आणि ऐकून कानापासून लांब धरला.

"कोण आहे?"

"जस्टिनदादा. विचारतोय, तुम्ही कुठंय, दिसत का नाही. आणि मागून मम्मी ओरडतेय, हळू चालवा म्हणावं."

"मग काय सांगतेस?"

"सांगते, आम्ही घाटात पोचलो," ती म्हणाली. "तुम्ही या सावकाश."