आधी रिकामं भांडं

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत. यंत्राचा प्रमुखसुद्धा, कारण तो तिच्याच हाताखाली शिकलेला. मावशी प्लाझ्मा मोजायची. प्लाझ्मा म्हणजे यंत्रात तापवून तापवून सूर्याच्या पोटासारखा केलेला वायू. त्यात काही बुडवून पाहायची सोय नाही. बुडवलेलं परत यायचं नाही. म्हणून ती त्यातून लेझरचा झोत सोडी आणि इलेक्ट्रॉनांवरून उधळलेला प्रकाश खिडकीतून टिपी. प्रकाश जितका जास्त, तितकी इलेक्ट्रॉनांची दाटी जास्त. त्याचा रंग जितका पसरलेला, तितकी उष्णता जास्त.

त्या सकाळी दाटीने कित्येक वर्षं हुलकावणी देणारा आकडा ओलांडला. प्रमुखाचा आनंद गगनात मावेना. यंत्र पुढे चालवायचं की बंद करायचं, हे ठरवणारी मंडळी दुपारीच यायची होती.

मावशीने आकडा पाहिला, मग खिडकीकडे पाहिलं. "काल काच बदलली ना? त्यानंतर रिकामा झोत सोडला का कुणी?"

कुणीच सोडला नव्हता. रिकामा झोत म्हणजे आत प्लाझ्मा नसताना सोडलेला. भिंतींवरून उगाच किती प्रकाश परततो, ते त्यातून कळतं.

"मावशी, आज नको ना," प्रमुख म्हणाला. "तोंडाशी आलेला घास आहे."

"खा की. आधी खडा आहे का बघू."

"आणि आकडा पडला तर?"

"तर तो आपला नव्हताच. पीठ मोजताना काट्यावर आधी रिकामं भांडं ठेवतोस ना?"

"पीठ बायको मोजते."

"तरीच तुझ्या घरी कुणी उपाशी राहत नाही."

झोत सोडला. आत काही नसतानाही चांगला पसाभर प्रकाश आला. तो वजा केला आणि दाटी पुन्हा जुन्या जागी उतरली. प्रमुख मटकन खुर्चीत बसला.

"असा बसू नकोस, इकडे बघ," मावशी म्हणाली. "भिंतीवरून आलेला प्रकाश सगळा लेझरच्याच रंगाचा. मधोमध ढीग करून बसला होता. तो काढल्यावर उरलेला केवढा पसरलाय, बघ."

त्याने पाहिलं, पुन्हा गणित केलं. प्लाझ्मा इतका तापलेला त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

दुपारी त्याने पाहुण्यांना आधी दाटीचा पडलेला आकडा सांगितला, मग उष्णतेचा चढलेला. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "हा तरी खरा कशावरून?"

"त्याचं काय आहे," प्रमुख ऐटीत म्हणाला, "घरी मी पीठ मोजतो ना, तेव्हा काट्यावर आधी रिकामं भांडं ठेवतो."

बाई मान डोलावत म्हणाल्या, "मग चालू दे तुमचं यंत्र."

हसू लपवायला मावशीने चहाचा कप तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.