बिब्याचा चटका आणि मिठाचं पाणी

मी लटारूच्या घरचा कोंबडा बोलतोय. तांबडा, गावठी, पाच वर्षांचा. दया नको. ऐकून घ्या.

गोंडपिपरीजवळच्या या गावात मी अंड्यातून बाहेर आलो तेव्हा घर कुडाचं होतं, अंगण सारवलेलं. पुढे घरकुल झालं, वर स्लॅब पडला, अंगणात सिमेंट आलं. उंच जागा माझी, असं मी मानत आलो. म्हणून स्लॅबवर झोपायचो आणि आरवून झालं की तिथूनच खाली उडी घ्यायचो. रोज, सिमेंटवर.

यंदा डाव्या तळपायाला गाठ आली. मध्ये काळी खपली. मी लंगडणं लपवलं. एका पायावर उभं राहणं कोंबड्याला शोभून दिसतं.

लटारूला दिसलंच. "काटा हाये," तो म्हणाला. काटा रुतला की इकडे बिबा तापवून त्याचं तेल तळपायाला लावतात. लटारूने जन्मभर स्वतःला तेच केलं. मलाही केलं.

मी ओरडलो. एवढंच सांगतो. दुसऱ्या दिवशी पाय दुप्पट सुजला.

"माह्या पायाले चालते, त्याच्या पायाले काऊन नाई?"

"तुमच्या टाचा म्हशीच्या शिंगावानी हायेत," आशाबाई, त्याची बायको, म्हणाली. "त्याची कातडी पाहा जरा."

"आठ दिसानं जवाई येते. तोवर यानं पाय टेकला नाई, त हांडीत."

"मानमोडीच्या रोगात सारे कोंबडे मेले. हा एकच उरला. याले खाल्लं त कोंबड्या अंड्यावर कायले बसवू, गंमत म्हणून?"

आशाबाईने रीताला बोलावलं. ती पशुसखी, गावातल्या शेळ्या-कोंबड्यांची दुखणी तीच पाहते.

रीताने हातमोजे घातले, माझ्या डोळ्यांवर फडकं टाकलं, पाय वर केला.

"बिबा कोनं लावला?"

लटारू स्लॅबकडे पाहू लागला.

तिने घमेल्यात कोमट पाणी घेतलं, मीठ टाकलं आणि माझे पाय बुडवून ठेवले. खपली भिजल्यावर जखम धुतली, कोरडी केली, मलम लावून पट्टी बांधली. "रोज असंच करा, भाऊ. दाबून पू काढाचा नाई. काटा नाई, सिमेंटवर उड्या मारून गाठ झाली; याले खालीच बसवा, खाली धानाची कोरडी तणीस टाका. सूज वर चढली त सीधा दवाखान्यात न्या."

रोज संध्याकाळी लटारू मला मांडीशी धरून बसू लागला. तिसऱ्या दिवशी त्याने दुसरं घमेलं आणलं आणि स्वतःचे भेगाळलेले पाय त्यात सोडले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पाणी बरं वाटत होतं.

आठव्या दिवशी मी पाय टेकला. पूर्ण. त्याच संध्याकाळी जावई दिनेश आला, तेव्हा आम्ही दोघे घमेल्यातच होतो.

"मामाजी, हे काय होय?"

"पाय धुवा, जेवाले बसा. बोडीच्या पाण्यातले ताजे मासे केले हायेत."

"अन् कोंबडा?"

"तो कामावर हाये. त्याले सुट्टी नाई."

आता माझी बसायची काठी गुडघाभर उंचीवर आहे, खाली तणीस. आधी अपमान वाटला. पण आवाज तिथूनही गावभर जातो. अंगणात नऊ पिल्लं फिरतात, त्यातली सहा तांबडी आहेत. लटारूने बिबा फेकून दिला, कोणाला न सांगता.

एकच मागणं आहे. कोंबडा लंगडताना दिसला तर आधी त्याचा तळपाय पाहा. हांडी कुठे पळून जात नाही.