भट्टीअण्णांच्या रक्तातली गडबड

या, जवळ सरकून बसा. दारातल्यांनीही आत यावं. देवानं माणसाला शहाणपण दिलं, पण ते वापरायची सक्ती काही केली नाही. त्याचीच ही गोष्ट.

भट्टीअण्णांची बेकरी कोपऱ्यावर होती. टोस्ट असा, की खाणारा या खोलीत आणि कुर्रकुर्र त्या खोलीत. पण अण्णांच्या गुडघ्यानं असहकार पुकारला, भट्टीसमोर उभं राहवेना. गुडघा बदलायचं ठरलं आणि त्याआधी रक्त तपासलं. अहवाल उफराटा आला. सूज सांगणारे सीआरपी आणि ईएसआर चढलेले, प्लेटलेट्सही हव्या त्याहून जास्त.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की शरीरात कुठं आग धुमसत असली की हे आकडे वर जातात. कधी जंतुसंसर्ग, कधी सांधेवात, कधी अंगात लोह कमी, आणि क्वचित रक्ताचाच आजार. कारण सापडेपर्यंत गुडघ्याला हात लावायचा नाही.

अण्णांच्या कानात फक्त ते ‘क्वचित’ शिरलं. बाकी सगळं दाराबाहेरच राहिलं.

मग बाईंनी एकेक विचारलं. ताप, खोकला, लघवीची जळजळ, पोट? अण्णा नाही नाही म्हणत गेले, ते खरंच होतं. दातांची तक्रार? इथंही ते नाही म्हणाले, आणि ही थाप होती. मागची एक दाढ कित्येक महिने ठणकत होती. पण दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीपेक्षा त्यांना भट्टीत बसणं परवडलं असतं. शिवाय रक्त कुठं आणि दाढ कुठं!

घरी येऊन अण्णांनी निरवानिरव सुरू केली. भट्टी जावयाच्या हवाली केली, अबोला धरलेल्या धाकट्या भावाला माफ करून टाकलं. देवापुढं रोज रडवेल्या सुरात आळवणी चाले: सगळं ने, पण एवढ्यात मला नेऊ नकोस.

पुढच्या तपासण्यांत काहीच निघेना. आता रक्तरोगाच्या मोठ्या डॉक्टरांकडं चिठ्ठी द्यायची, असं ठरलं. त्या दिवशी बायकोनं बाईंसाठी टोस्टचा पुडा नेला होता. बाईंनी चहाबरोबर एक चावला. आवाजच नाही.

टोस्ट मऊ कधीपासून झाले, असं त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, सगळी गल्ली ओरडतेय, हे मैद्याला दोष देतात. मग कडकपणा तपासतं कोण, बाईंनी विचारलं. अण्णा ताठ झाले. भट्टी जावयाकडं गेली तरी त्यांनी स्वतः चावून पाहिल्याशिवाय एक ट्रे बाहेर जात नव्हता. दाढ दुखायला लागल्यापासून जो टोस्ट त्यांना चावता येई तोच पास होत होता, हे त्यांचं त्यांनाही उमगलं नव्हतं.

बाईंनी कप खाली ठेवला. “तोंड उघडा.”

अण्णांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“उघडा की हो,” बायको म्हणाली. “एरवी मिटत नाही ते.”

दाढेच्या मुळाशी पू साठला होता. दाढ निघाली, औषधं झाली, आणि काही आठवड्यांत आकडे पायरी पायरीनं उतरले. प्लेटलेट्सही जागेवर आल्या. मग गुडघाही झाला. अण्णा पुन्हा भट्टीपुढं उभे राहिले. जावयाकडून भट्टी परत मिळाली. भावाला दिलेली माफी तेवढी परत मागता येईना.

टोस्ट पुन्हा कुर्रकुर्र वाजू लागले, गल्ली सुखावली. हिरमुसल्या त्या फक्त वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई. तोंडाचं पार बोळकं झालेलं. देवानं आपलीच सोय पाहिली असं समजून त्या मऊ टोस्टांबद्दल रोज देवाला हात जोडायच्या. आज तुम्ही हात जोडाल, तेव्हा त्या माउलीची तेवढी आठवण असू द्या.