नऊ फेऱ्यांचं मौन

आमच्या गावच्या डोळ्यांच्या झऱ्याचा नियम सोपा आहे. सोमवार, गुरुवार आणि पुन्हा सोमवार, असं तीन दिवस पहाटे जायचं. सूर्य फिरतो त्या दिशेनं झऱ्याभोवती नऊ फेऱ्या घालायच्या आणि पाणी आणून आजाऱ्याच्या डोळ्यांना लावायचं. मध्ये तोंडातून शब्द निघाला की सगळं फुकट, पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या नवऱ्याची, कॅथलची नजर ईस्टरपासून अधू होत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. झऱ्यावर कॅथलचा विश्वास नव्हता. माझा तरी कुठे होता? पण नुसतं बसून राहवेना.

पहिल्या खेपेला गुरुवारी शेजारची ब्रीजी कुत्र्याला फिरवत आली. कॅथल कसा आहे, असं तिनं विचारलं आणि मी सवयीनं "तसाच" म्हणून गेले. महिनाभर मी तिच्याशी धड बोलले नाही.

दुसऱ्या खेपेला शेवटचा सोमवार गाठला. सातव्या फेरीला भुरभुर सुरू झाली, आणि काटेरी कुंपणापलीकडून हाक आली, "नुआला?"

कॅथल. चार महिन्यांत तो एकटा घराबाहेर पडला नव्हता. एका हातात काठी, काखेत माझा रेनकोट. मी गप्प राहून आठवी फेरी पुरी केली. तेवढ्यात तो वळला आणि सरळ खोल चराकडे निघाला. मी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं पाखरं उडाली.

"थांब! पाऊल टाकू नकोस!"

तो थांबला. कुंपणाला वळसा घालून मी त्याच्यापाशी गेले.

"घरात बसायला काय झालं होतं तुला?"

"तू भिजत होतीस."

"भिजू दे की! एकच फेरी राहिली होती रे."

"मग ओरडायचं नव्हतंस."

"आणि तुला चरात पडू द्यायचं होतं?"

"पाणी लावल्यावर कुठे पडलो ते तरी दिसलं असतं," तो म्हणाला. मला हसू आलं नाही.

तिसरी खेप अगदी बिनचूक झाली. वाटेत कोणी भेटलं नाही. कॅथलनंही मुकाट्यानं पाणी लावून घेतलं. नाताळच्या आत त्याची नजर पूर्ण गेली.

दुसरी खेप मोडली नसती तर गुण आला असता, असं ब्रीजी अजून म्हणते. तिला काय सांगायचं? आजही मी ओरडलेच असते, आणि आजही त्याच्यावर तितकीच चिडले असते.